वेळ दाखवायला किती सामान लागतं?

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार. दुसऱ्या दिवशी वसुबारस. दिवाळीला सगळे सांगलीला जमणारच होते, म्हणून आजीचं सहस्रचंद्रदर्शन त्याच रविवारी ठरलं होतं. सकाळी बरोबर अकराला औक्षण. मला जाता येणार नव्हतं, तेव्हा मी ब्राउनश्वाइगच्या स्वयंपाकघरातून, संगणकाच्या पडद्यावरून हजर राहायचं असं ठरलं. दादानं चार वेळा बजावलं होतं, "अकरा म्हणजे अकरा. भटजींना पुढं दुसरं काम आहे."

मी पहाटे उठले, साडी नेसले, चहा केला. लेक झोपली होती म्हणून फोनचा आवाज बंद करून ठेवला. संगणकाच्या पडद्यावर माझं लाडकं घड्याळ होतं. काचेच्या काट्यांचं, मागं ढग सरकणारं, चंद्राची कला दाखवणारं, सांगलीचं तापमान सांगणारं. त्यात 'भारत' अशी दुसरी तबकडी होती आणि तिच्यात दहा वाजले होते. अजून तासभर होता. मी आरामात चहा प्याले. तिथं पावणेअकरा झाले तसा कॉल लावला.

दादा म्हणाला, "अगं, होतीस कुठं? झालं की सगळं. आजी आत जाऊन पडली."

त्या पहाटे तीन वाजता जर्मनीतली घड्याळं एक तास मागं गेली होती. उन्हाळ्यात भारत आपल्यापुढं साडेतीन तास असतो, हिवाळ्यात साडेचार. माझ्या घड्याळानं बसवताना मला 'फरक किती?' असं विचारलं होतं. मी जूनमध्ये साडेतीन लिहिलं होतं. ते बिचारं इमानेइतबारे साडेतीनच मिळवत राहिलं. ढग मात्र व्यवस्थित सरकत होते.

संध्याकाळी आजीशी बोलणं झालं. ती रागावली नाही. "तुमच्याकडं वाजले किती आता?" एवढंच तिनं विचारलं, नेहमी विचारते तसं.

चूक माझी होती हे मला मान्य आहे. पण मी संगणकाच्या धंद्यातली बाई. रोज दुसऱ्यांच्या प्रणाल्यांमधल्या चुका काढून पगार घेते. आणि पडद्यावरचं घड्याळ निवडताना मात्र मी सराफकट्ट्यावर झुमके बघावेत तसं बघितलं होतं. म्हणून हा लेख. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी लिनक्स, बीएसडी किंवा तसल्या युनिक्स वळणाच्या प्रणालीवर चालणारा संगणक आहे, त्यांच्याशी मला थोडं भांडायचं आहे. विषय एवढासा आहे हे मला ठाऊक आहे. पण एवढ्याशा गोष्टीत आपण किती आळशी आहोत हे ज्याला दिसत नाही, त्याला मोठ्या गोष्टीतही दिसत नाही.

घड्याळ नव्हे, तबकडी

पहिली गोष्ट. पडद्यावरचं घड्याळ हे घड्याळ नसतंच. ती तबकडी असते. वेळ राखण्याचं काम प्रणालीचा गाभा करतो आणि ती वेळ नेटवरून दुरुस्त होत असते. मी राहते त्या शहराच्या पश्चिमेला पीटीबी, म्हणजे जर्मनीची राष्ट्रीय मापनसंस्था आहे. तिथं सीझियमची अणुघड्याळं आहेत आणि जर्मनीची कायदेशीर वेळ तिथून निघते. फ्रांकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनमधून ७७.५ किलोहर्ट्झवर ती वेळ रेडिओनं सोडली जाते. १९७३ पासून त्या लहरींवर तास-मिनिट-तारखेची सांकेतिक माहितीही स्वार असते. तुमच्या भिंतीवरचं फुंकउअर, हो तेच सवलतीत घेतलेलं, याच लहरी ऐकून स्वतःला लावून घेतं. शिवाय पीटीबीचे वेळ देणारे सर्व्हरही नेटवर आहेत. तुमचा संगणक त्यांच्याकडून किंवा तसल्याच दुसऱ्या कुणाकडून वेळ विचारून घेत असतो.

त्या रविवारी माझ्या स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं फुंकउअर बरोबर होतं. संगणकाचा गाभाही बरोबर होता. चुकली ती फक्त मध्ये बसलेली नटवी तबकडी.

म्हणजे तबकडीचं काम काय? गाभ्याकडून वेळ घ्यायची, ती हव्या त्या गावाच्या हिशेबानं मांडायची, आणि गप्प बसायचं. हवामान, शेअरचे भाव, आजचा सुविचार ही तिची कामं नाहीत. हे जिला जमत नाही तिला घड्याळ म्हणू नका. शोभेची वस्तू म्हणा आणि शोकेसमध्ये ठेवा.

फरक नको, गावाचं नाव हवं

तुम्ही म्हणाल, उन्हाळी वेळेचं लक्षात ठेवायला हवं होतंस, झालं. तीच तर गोष्ट आहे. लक्षात ठेवायला माणूस कशाला? युनिक्स वळणाच्या जवळपास सगळ्या प्रणाल्यांमध्ये जगभरच्या वेळांचा एक सामायिक कोश असतो. 'टीझेड' कोश म्हणतात त्याला. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला आणि पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळला. कोणत्या प्रदेशात घड्याळ कधी पुढं गेलं, कधी मागं आलं, कोणत्या वर्षी कायदा बदलला, हे सगळं त्यात लिहून ठेवलेलं आहे. तुम्ही फक्त गावाचं नाव सांगायचं. आपल्यासाठी ते 'एशिया/कोलकाता'. इथल्यासाठी 'युरोप/बर्लिन'. बाकीचं गणित कोश करतो.

हा कोश किती काटेकोर आहे ते बघा. स्वित्झर्लंडनं चारी बाजूंनी वेढलेलं ब्यूझिंगेन नावाचं जर्मनीचं एक चिमुकलं गाव आहे. पंधराशेच्या आसपास वस्ती. १९८० मध्ये पश्चिम जर्मनीनं उन्हाळी वेळ सुरू केली, पण स्वित्झर्लंडनं त्या वर्षी केली नाही. ब्यूझिंगेनकरांनी शेजारी धरला आणि आपली घड्याळं स्विस वेळेवर ठेवली. त्या एका उन्हाळ्यापायी कोशात 'युरोप/ब्यूझिंगेन' अशी वेगळी नोंद आहे. ती २०१३ मध्ये घातली गेली.

आणि आपली मुंबई? १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ लागू झाली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं. मुंबईची स्वतःची वेळ ४ तास ५१ मिनिटं पुढं होती. ३९ मिनिटांचा फरक. मुंबईकरांनी कुरकुर नाही, चांगला विरोध केला. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनीही नव्या वेळेविरुद्ध आवाज उठवला होता. शहरात 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून राहिला. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी स्टेशनात एक वेळ आणि शहरात दुसरी वेळ असा संसार कित्येक वर्षं केला. दोन घड्याळांत जगण्याचा अनुभव आपल्याला व्हिसाबरोबर मिळालेला नाही, तो त्याआधीपासूनचा आहे.

तरी कोशात मुंबईच्या नावाची वेगळी नोंद नाही. कारण साधं आहे. १९७० नंतर ज्या भागांची घड्याळं वेगळी चालली त्यांनाच वेगळी नोंद, असा नियम आहे. मुंबई १९५५ मध्येच सरळ झाली. ब्यूझिंगेन १९८० मध्ये वाकडं गेलं. म्हणून त्यांचं नाव आहे आणि आपलं नाही. याचा राग मानायचं कारण नाही. पण सांगलीची वेळ शोधताना 'कोलकाता' लिहावं लागतं हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढची चूक तिथंच होते.

ती चूक अशी. आपली मंडळी हुशारी करून 'टीझेड' या चलात नुसतं 'आयएसटी' लिहितात. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी त्या नावाची नोंद सापडत नाही. पण प्रणाली तक्रार करत नाही. ती गुपचूप जागतिक वेळ, म्हणजे साडेपाच तास मागची वेळ दाखवते, आणि वर 'आयएसटी' असा शिक्काही मारते! खोट्या नाण्यावर राजाची छबी असावी तसा प्रकार. काही जण त्याला 'साडेपाच' असं अधिक चिन्हानं जोडतात. तेही उलटं पडतं, कारण या जुन्या पद्धतीत ग्रिनिचच्या पूर्वेला उणे चिन्ह असतं. एवढ्या भानगडीत पडायचंच कशाला? गावाचं नाव लिहा आणि मोकळे व्हा.

गावाचं नाव लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो आपल्यासाठी मोलाचा आहे. २०१८ मध्ये युरोपीय आयोगानं उन्हाळी वेळेबद्दल लोकांचं मत मागवलं तेव्हा सुमारे ४६ लाख उत्तरं आली. त्यातली ३० लाखांहून जास्त एकट्या जर्मनीतून. मार्च २०१९ मध्ये युरोपीय संसदेनं हा घड्याळबदल बंद करण्याच्या बाजूनं मत दिलं. पुढं सदस्यदेशांचं एकमत झालं नाही आणि गाडं अडलं. समजा उद्या झालं. ज्या दिवशी कायदा बदलेल त्यानंतर कोशाची नवी आवृत्ती नेहमीच्या अद्ययावतीकरणातून तुमच्या संगणकात येईल, आणि नावानं लावलेलं प्रत्येक घड्याळ आपोआप सुधारेल. ज्यांनी 'साडेतीन' किंवा 'साडेचार' असा आकडा कोरून ठेवलाय, ते मात्र कुणाच्या तरी औक्षणाला तासभर उशिरा पोचतील.

हलकं म्हणजे काय

आता वजनाकडं येऊ. 'हलकं घड्याळ' म्हटलं की आपल्याकडं दोन टोकांची माणसं भेटतात.

पहिल्या टोकाचे म्हणतात, "आजकालच्या मशीनला घड्याळाचं काय ओझं? सोळा जीबी रॅम आहे." अशांना मी विचारते, घरात दहा खोल्या आहेत म्हणून प्रत्येक खोलीत भंगार भरता का? हल्लीची कित्येक नटवी घड्याळं आतून अख्ख्या ब्राउझरवर उभी असतात. दोन काटे फिरवायला ब्राउझर! वर ते हवामानासाठी दर थोड्या वेळानं नेटवर जातात आणि तुम्ही कुठं आहात ते कुणाला तरी कळवतात. ज्या देशात लोक दारावरच्या पाटीवर पूर्ण नाव लावायला कां-कू करतात, तिथं राहून आपण घड्याळाला आपला पत्ता देतो.

वजनाचा दुसरा हिशेब जागरणाचा. सेकंद दाखवणारं घड्याळ दिवसात ८६,४०० वेळा जागं होतं. मिनिटं दाखवणारं १,४४०. साठपट फरक. यात नवल काही नाही. विंडोज ९५ च्या वेळी पट्टीवरच्या घड्याळात सेकंद का दाखवले नाहीत याचं कारण मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २००३ मध्ये सांगितलं आहे. चार एमबीच्या त्या यंत्रांवर तेवढ्यानंही कामाचा वेग घटत होता. विंडोज ११ मध्ये सेकंदांची सोय पुन्हा आली ती 'जास्त वीज लागते' अशा सूचनेसकट. लिनक्सच्या बाजूनं या प्रश्नावर मोठं काम केलं ते जर्मनीतल्याच एका माणसानं. थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीतून २००७ मध्ये, २.६.२१ या आवृत्तीत, काम नसताना गाभ्याला खरोखर झोपू देण्याची सोय आली. त्याआधी गाभा काम असो-नसो, ठरावीक ठोक्यानं उठायचा. एवढी खटपट करून गाभ्याला झोपवायचं आणि आपण त्याच्या उशाशी टिकटिक करणारं खेळणं ठेवायचं, याला काय म्हणावं?

खोटं बोलणार नाही. एका घड्याळानं तुमचं विजेचं बिल उतरणार नाही. नव्या यंत्रावर तुम्हाला फरकही जाणवणार नाही. पण आपल्या घरांमध्ये जुनी यंत्रं आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि ओळखीच्या किती घरांत चांगले चालते लॅपटॉप तळघरात गेले ते मोजा. त्यातलाच एक, २०१४ सालचा, मी वर काढला, त्यावर लिनक्स घातलं आणि स्वयंपाकघरात ठेवला. अशा यंत्रावर प्रत्येक फालतू जागरण पंख्याच्या आवाजातून ऐकू येतं. आणि एक गंमत सांगते. १४ ऑक्टोबर हीच तारीख, पण १९९६ ची. त्या दिवशी ट्युबिंगेन विद्यापीठातल्या माटियास एट्रिश नावाच्या विद्यार्थ्यानं साध्या माणसाला वापरता येईल असा युनिक्सचा पडदा बनवू या, अशी हाक दिली. त्यातून केडीई जन्मलं. जर्मनीत राहून लिनक्स म्हणजे काहीतरी परकं, अवघड, असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. हा इथलाच गावरान माल आहे.

दुसरं टोक

आता दुसऱ्या टोकाचे. हे आपलेच मित्र, दाढी वाढवलेले, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं बघणारे. त्यांचं एकच उत्तर असतं, "एक्सक्लॉक वापर. बाकी सगळा कचरा."

एक्सक्लॉक खरंच गुणी आहे. एमआयटीमध्ये १९८४ मध्ये जन्मलेल्या एक्स विंडो प्रणालीच्या घरातलं हे जुनं भांडं. सांगितलं नाही तर ते मिनिटाला एकदाच चेहरा बदलतं. तीस किंवा त्याहून कमी सेकंदांचा ठोका मागितला तरच सेकंदकाटा दाखवतं, नाहीतर नाही. काय शिस्त! हवं तर तासाला दोन आणि अर्ध्या तासाला एक टोला देतं. त्याच्यापुढं 'टीझेड बरोबर एशिया/कोलकाता' एवढं लिहून चालवलं की सांगलीची वेळ हजर. दोन खिडक्या उघडल्या की दोन गावं. मी हे काही महिने वापरलं आणि खूष होते.

मग मला हौस आली. लेक सात वर्षांची. रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी शिकते आणि सोमवारी विसरते. म्हटलं, स्वयंपाकघरातल्या पडद्यावर वार आणि तारीख मराठीत दिसू दे. रोज नाश्त्याला वाचेल. लिनक्समध्ये मराठीची सोय असते. तारखेपुरती भाषा मराठी करता येते, बाकी सगळं जर्मनच ठेवून. एक्सक्लॉकला वार आणि महिना दाखवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, हे रव-विआर असं का लिहिलंय?"

बघितलं तर 'रविवार'मधली वेलांटी एक घर पुढं सरकून भलत्याच 'व'वर बसली होती. 'ऑक्टोबर'मधल्या जोडाक्षराचे पाय मोडून दोन तुकडे झाले होते. कारण उघड आहे. एक्सक्लॉक अक्षरं एकामागं एक ठेवत जातं, इंग्रजी ठेवावीत तशी. आपल्या लिपीत उच्चारात नंतर येणारी वेलांटी आधी लिहावी लागते, व्यंजनं एकमेकांत मिसळावी लागतात. त्यासाठी अक्षरं जुळवणारा वेगळा थर लागतो. हार्फबझ, पँगो ही त्या थरातली नावं. एक्सक्लॉकच्या हलकेपणात तो थर नाही.

म्हणून मी या मित्रांना म्हणते, तुमचं हलकेपण फुकट नाही. त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी भरलेली आहे. इंग्रजीपुरतं जे 'पुरेसं' आहे ते पुरेसंच, आणि देवनागरी नीट दाखवणारा थर म्हणजे 'चरबी', हे मोजमाप कुणाचं? मिरजेच्या स्टेशनात पाटीवर 'मिरज'ची वेलांटी 'र'वर रंगवली असती तर आपण रंगाऱ्याला सोडलं असतं का? मग संगणकावर का सोडतो? ढगांच्या चलचित्राला मी ओझं म्हणते. माझ्या लेकीला तिचा वार नीट वाचता यावा यासाठी लागणाऱ्या थराला मी ओझं म्हणणार नाही. तो थर म्हणजे काम आहे.

काही जण यावर म्हणतात, "मग तारीख इंग्रजीत बघ ना, काय बिघडलं?" काही बिघडत नाही. रविवारची मराठी शाळाही बंद केली तर काही बिघडत नाही. आजीशी जर्मनमध्ये बोलता येत नाही एवढाच प्रश्न उरतो.

मग कोणतं?

शिव्या देऊन झाल्या. आता निवड सांगते.

तुम्ही केडीई प्लाझ्मा वापरत असाल तर वेगळं काही बसवू नका. त्याच्या पट्टीवरचं अंकी घड्याळ एकाहून जास्त गावांची वेळ ठेवतं. गावं नावानं निवडता येतात. त्यावर माउस नेला की सगळी यादी दिसते. बहुतेकांना ही सोय आपल्याकडं आहे हेच माहीत नसतं, आणि ते बाहेरून काचेचे काटे आणतात. मीही त्यातलीच.

जुना लॅपटॉप असेल तर एक्सएफसीई लावा. त्याच्या पट्टीवरच्या घड्याळाला गावाचं नाव लिहायला एक रकाना आहे. पट्टीवर दोन घड्याळं ठेवा, एकात 'युरोप/बर्लिन', दुसऱ्यात 'एशिया/कोलकाता'. दाखवण्याच्या नमुन्यात सेकंद मागितले नाहीत तर ते मिनिटालाच जागं होतं. आणि ते पँगोच्या थरावर उभं असल्यामुळे 'रविवार' रविवारच दिसतो. माझ्या स्वयंपाकघरात सध्या हेच आहे. हलकं आहे, आणि मराठी वाचता येतं.

नुसते काटे किंवा आकडे हवे असतील, अक्षरं नको असतील, तर एक्सक्लॉकला तोड नाही. तिथं त्या दाढीवाल्या मित्रांशी माझं भांडण नाही. आणि ज्याला घड्याळ सतत डोळ्यांपुढं नकोच असेल त्यानं 'डेट' ही आज्ञा वापरावी. विचारलं तर सांगते, नाही विचारलं तर गप्प. शहाण्या पाहुण्यासारखी.

"पण फोन आहे ना हातात?" हा प्रश्न येणारच. आहे. वेळ बघायला फोन उचलला की खाली ठेवेपर्यंत काय काय बघून होतं ते तुमचं तुम्हाला माहीत. मला नजर वर करून भिंतीकडं बघावं तसं सांगलीकडं बघायचं आहे. आई आता वाळवण उचलत असेल, बाबा झोपले असतील, आता फोन करू नये, एवढं एका नजरेत कळलं पाहिजे. परदेशात राहणाऱ्याच्या पडद्यावरचं दुसरं घड्याळ हे त्यासाठी असतं. ती सजावट नाही. घराची कडी आहे.

आणि निवडलंत की त्याची परीक्षा घ्या. घड्याळाची खरी परीक्षा वर्षात दोनदाच होते, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. २०२५ मध्ये मार्चचा तो रविवार ३० तारखेला आला आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. वर्षाचा पहिला दिवस, आणि पहाटेच साडेचाराचा फरक साडेतीनावर आलेला. आदल्या रात्री मी दोन्ही घड्याळं तपासून झोपले. सकाळी उठून आधी फुंकउअर बघितलं, मग पट्टीवरचं बर्लिन, मग कोलकाता. तिन्ही एकमेकांशी जुळत होती.

सांगलीला फोन लावला तेव्हा बाबा गुढीला गाठी बांधत होते. आजी खुर्चीत बसून सूचना देत होती. मला बघितल्यावर तिनं विचारलं, "तुमच्याकडं वाजले किती?"

"सव्वापाच," मी म्हटलं. "आणि तुमच्याकडं पावणेनऊ."

"बरोबर आहे की," आजी म्हणाली, आणि गाठी सरळ करायला सांगू लागली.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार दरवर्षी दिवाळीच्या आसपासच येतो. तोवर तुमच्या पडद्यावरच्या त्या दुसऱ्या तबकडीच्या सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघा. तिथं आकडा असेल तर तो पुसा आणि गावाचं नाव लिहा.